आधी ऐका, मग नाव विचारा

पाचूबंदरात संध्याकाळी होड्या परतल्या की धक्क्यावर एकच गलका होतो. टोपल्या, बर्फ, भाव, भांडणं, हसणं. तासाभरात तो निवतो. मग आमच्या गल्लीत एक आवाज उरतो. शेजारच्या घरातली मुलगी कीबोर्डवर रविवारच्या मिस्साच्या गाण्यांची तयारी करत असते. चर्चच्या गायनवृंदात ती वाजवते. गाण्यांचे शब्द आता मलाही पाठ झाले आहेत.

एका संध्याकाळी मात्र वेगळंच काही ऐकू आलं. दोन-तीन सूर, मग थांबणं, मग पुन्हा दोन सूर. वाजवणारीला कसलीच घाई नव्हती. मी ओट्यावरून विचारलं, "आज मिस्साचं गाणं नाही वाटतं?"

"नाही काका, नोरा जोन्स. ऐकलंय तुम्ही?"

"रविशंकरांची मुलगी ना ती?"

"हो. पण गाणं ऐकलंय का?"

मी गप्प झालो. तिचा प्रश्न साधा होता, पण मला तो बरोबर लागला. त्याचं कारण सांगायचं तर २००३ सालात जावं लागेल.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेतले ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मथळे झळकले. मथळ्यांत रविशंकरांचं नाव ठळक, मुलीचं त्यांच्या आधाराने आलेलं. मीही वसई स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून कॅसेट आणली. रात्री टेपरेकॉर्डरवर लावली आणि वाट पाहू लागलो सतारीची. निदान एखाद्या तानेची, कुठेतरी डोकावणाऱ्या रागाची. तसं काहीच आलं नाही. पियानो होता, गिटार होती आणि कानाशी बोलावं तशी गाणारी एक मुलगी होती. 'यात आपलं काहीच नाही' असं म्हणून मी कॅसेट कपाटात टाकली. मी गाणं ऐकलंच नव्हतं. मी त्यात फक्त वडील शोधले होते.

आता त्या अल्बमविषयी नीट सांगतो. त्याचं नाव 'कम अवे विथ मी', म्हणजे 'चल माझ्याबरोबर'. २६ फेब्रुवारी २००२ रोजी तो ब्लू नोट या कंपनीने काढला. ब्लू नोट ही जॅझ संगीताची नामवंत कंपनी. बर्लिनहून अमेरिकेत आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये तिचा पाया घातला. नोरा तेव्हा २२ वर्षांची होती. तिचा जन्म ३० मार्च १९७९चा, न्यूयॉर्कचा. जन्माच्या वेळचं नाव गीतली नोरा जोन्स शंकर. आई स्यू जोन्स संगीताचे कार्यक्रम आयोजित करायच्या. आईबरोबर ती टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइन या गावी वाढली. लहानपणी चर्चच्या गायनवृंदात गायली, पियानो शिकली. सोळाव्या वर्षी तिने कायदेशीररीत्या आपलं नाव 'नोरा जोन्स' एवढंच करून घेतलं. पुढे नॉर्थ टेक्सास विद्यापीठात जॅझ पियानोचा अभ्यास केला आणि १९९९ साली तो अर्धवट सोडून न्यूयॉर्कला गेली. तिथे हॉटेलात वेट्रेसचं काम करायचं आणि रात्री छोट्या क्लबांत गायचं, असा तिचा दिनक्रम होता.

ब्लू नोटचे प्रमुख ब्रूस लुंडव्हॉल यांनी तिचा आवाज ऐकला आणि तिला करारबद्ध केलं. पुढची हकिगत मोठी बोधप्रद आहे. आधी नमुन्यादाखल काही गाणी रेकॉर्ड झाली. मग क्रेग स्ट्रीट या निर्मात्याबरोबर न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगराळ भागातल्या स्टुडिओत पूर्ण अल्बम तयार झाला. तो ऐकून लुंडव्हॉल यांना वाटलं की नमुन्यात जे होतं ते यात हरवलं. वाद्यं वाढली आणि मुलगी मागे गेली. एवढा खर्च झाल्यावरही पुन्हा सुरुवात करायचं ठरलं. या वेळी बोलावलं आरिफ मार्दिन यांना. इस्तंबूलचा हा माणूस १९५८ साली संगीत शिकायला अमेरिकेत आला आणि अरीथा फ्रँकलिनपासून बी जीजपर्यंत अनेकांच्या गाण्यांना त्याचा हात लागला. सत्तरीला टेकलेल्या या अनुभवी माणसाने काय केलं? फारसं काही न करण्याची काळजी घेतली. जे साधं होतं ते साधंच राहू दिलं. 'डोन्ट नो व्हाय' हे अल्बममधलं सर्वांत गाजलेलं गाणं तर मुळात नमुन्यादाखल केलेल्या रेकॉर्डिंगमधलं आहे, तेही पहिल्याच प्रयत्नातलं. मूळ टेक तसाच ठेवून वर अगदी थोडी भर घातली गेली.

कवितेचं संपादन करणाऱ्यांना हे लगेच कळेल. पहिल्या खर्ड्यात आलेली एखादी ओळ पुन्हा येत नाही. ती ओळखून तिला हात न लावणं हेही कसबच आहे.

मंडळी, अशा अल्बमला इंग्रजीत 'मूडी' म्हणतात. आपण म्हणू, एका भाववृत्तीचा. तो आनंदी नाही आणि रडवेलाही नाही. पावसाळी दुपारी खिडकीशी बसल्यावर मनाची जी अवस्था होते, ती. १४ गाणी, जेमतेम पाऊण तास, आणि हा पाऊण तास हवामान जवळपास बदलत नाही. हे कशाने साधतं? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली हळू आवाजाची आणि दुसरी पियानोची.

हळू आवाज आपल्याला नवा नाही. आपल्या संगीत रंगभूमीवर मायक्रोफोन नव्हता तेव्हा नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे. १९११च्या 'मानापमान'मधली पदं ऐकताना तो पल्ला जाणवतो. मैदानात गाणाऱ्या शाहिराचंही तसंच. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारोंच्या समुदायाला आवाजाने उभं करत. तिथे कुजबुजून चालणारच नव्हतं. पण १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ घरात आले, मायक्रोफोन गायकाच्या तोंडाजवळ आला आणि गाण्याचा पल्ला बदलला. हजारांशी बोलणारा गायक एकाशी बोलू लागला. गजाननराव वाटवे यांच्यासारख्यांनी जे भावगीत रुजवलं, त्याच्या मुळाशी हे यंत्रही आहे. शब्द स्पष्ट, ताना बेताच्या, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की हे फक्त माझ्यासाठी. अमेरिकेतही मायक्रोफोनने त्याच सुमारास हाच बदल घडवला. नोरा जोन्स त्या परंपरेतली. तिचं गाणं मला परकं वाटलं, हा माझ्या कानाचा आळस होता. नात्याने ते भावगीताचं मावसभावंड आहे.

आता पियानो. आपल्या घरांत पियानो नसतो, पेटी असते. दोघांच्या पट्ट्या सारख्या दिसतात म्हणून आपण त्यांना एकाच कुळातलं समजतो. पण पोटात फार फरक आहे. पेटीत भात्याचा वारा पितळी जिभेवरून जातो आणि सूर निघतो. भाता चालू आहे तोवर सूर अखंड. पियानोच्या पोटात २००हून अधिक तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की नमदा लावलेली लाकडी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. १७००च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने ही युक्ती बसवली. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात, म्हणून वाद्याचं नावच मुळी 'हळू-मोठा' अशा अर्थाचं पडलं. पण हातोडी आपटली त्या क्षणानंतर वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. तो सूर वाढवता येत नाही. जन्मला की तो विझायला लागतो.

पियानोच्या गाण्यात जी उदासी वाटते तिचं मूळ मला इथे दिसतं. प्रत्येक सूर आपल्यासमोर विझत असतो. वादक घाईने पुढचा सूर वाजवील तर ते विझणं झाकलं जातं. तो थांबला तर आपल्याला ऐकू येतं. नोरा जोन्स थांबते. विशी-बाविशीतल्या, उत्तम शिकलेल्या वादकाला बोटांची करामत दाखवायचा मोह होतो. तिने तो जवळपास संपूर्ण अल्बमभर आवरला आहे. साथीदारही तिचेच पाहुणे असल्यासारखे वागतात. ड्रमवर बऱ्याच ठिकाणी काठीऐवजी तारांचा ब्रश फिरतो, भिंतीवर केरसुणी फिरावी तसा. शीर्षकगीताची लय संथ झोक्याची आहे. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा मनात धरून ऐकलं तर तबलजीचं डोकंही डोलेल.

वसईच्या माणसाला विझत्या सुराविषयी वेगळं सांगायला नको. नाशिकची नारोशंकराची घंटा मूळची आमच्या वसईची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, त्यांतली ती एक. तिच्यावर १७२१ हे साल आहे. घंटा देवळात असो वा चर्चमध्ये, टोल एकदाच पडतो. पुढचं सगळं त्याचं विझणं असतं, आणि आपण हात जोडतो ते त्या विझण्यात.

आता यातली खरी गंमत सांगतो. सतारही अशीच आहे! नखीने तार छेडली की तिचाही सूर लगेच विझायला लागतो. सतारीत मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही, वरच्या सुराने त्या आपोआप झंकारतात. पियानोत उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरच्या नमद्याच्या गाद्या उचलल्या जातात आणि न वाजवलेल्या ताराही वाजवलेल्यांच्या संगतीने बोलू लागतात. म्हणजे तिथेही तरफ आहेच. मी त्या कॅसेटमध्ये सतार शोधत होतो आणि ती नाही म्हणून रागावलो होतो. तरफेचा झंकार तिथे होता. मी नावाकडे कान लावून बसलो होतो, म्हणून तो सुटला.

फरकही मोठा आहे. सतारिया विझत्या सुराला मींडेने ओढून दुसरीकडे नेऊ शकतो. पियानोला मींड नाही. पेटीलाही नाही, याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. पियानोच्या गाण्यात मींडेची ही जागा गळ्याने भरून काढावी लागते. नोरा जोन्सचं गाणं पुन्हा ऐकाल तेव्हा एवढंच पाहा. पियानो सरळ पायऱ्या मांडतो आणि तिचा आवाज त्या पायऱ्यांवरून किंचित उशिराने, घसरत उतरतो. तो उशीर मोजता येत नाही, जाणवतो. कविता वाचताना ओळीच्या शेवटी आपण जो श्वास घेतो, तसा तो आहे.

या अल्बमचं लेखन कोणाचं, हेही स्पष्ट सांगायला हवं, कारण 'स्वतः लिहून गाणारी' असं म्हणताना आपण सरसकट बोलतो. यातल्या १४ गाण्यांपैकी शीर्षकगीत आणि आणखी एक गाणं तिचं एकटीचं. एक तिने जेसी हॅरिस या मित्राबरोबर लिहिलं. 'डोन्ट नो व्हाय' हॅरिसचं. काही गाणी तिच्याबरोबर वाजवणाऱ्या ली अलेक्झांडरची. शिवाय जुनी काही. हँक विल्यम्स या कंट्री गायकाचं १९५०च्या दशकातलं एक गाणं तिने इतकं मंद केलं आहे की ते कालच लिहिल्यासारखं वाटतं. पण सगळं मिळून एकाच माणसाची वही वाचल्यासारखं वाटतं. हेच तिचं लेखन, असं मी म्हणेन. काय गायचं आणि काय वगळायचं हे निवडण्यातही लेखक असतो.

मराठीत याच्या जवळचा अनुभव शोधायचा तर मला १९९८चा 'गारवा' आठवतो. मिलिंद इंगळे यांच्या चाली आणि त्यांचाच आवाज, शब्द सौमित्र म्हणजे किशोर कदम यांचे. गाण्यांच्या मध्ये सौमित्र कविता वाचतात आणि सगळ्यावर एकाच ऋतूचं आभाळ. सुटी सुटी गाणी जमवून केलेली ती कॅसेट नव्हती. एका मनःस्थितीत शिरून बाहेर यायचं होतं. २००३पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं, तेव्हा कवी स्वतः मंचावर येऊन आपले शब्द गाऊ लागला. आपल्याकडे ही नवलाई वाटली, पण तुकोबांपासून शाहिरांपर्यंत लिहिणारा आणि गाणारा एकच असण्याचीच आपली रीत होती. भावगीताच्या काळात कवी, संगीतकार आणि गायक असे तीन वाटे झाले, इतकंच.

आता थोडं स्वतःविषयी. मी मराठीत लिहितो. आमच्या घरात मराठी आहे, गल्लीत मराठी आहे. स्वप्नं पडतात तीही मराठीत. तरीही कविसंमेलनात कविता झाली की कोणीतरी प्रेमाने जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या क्षणी मला कळतं, की या माणसाने माझी कविता ऐकलेली नाही. निवेदकाने नाव पुकारलं तिथेच त्यांचं ऐकणं संपलं. उरलेला वेळ ते आश्चर्य करत होते. काहींना माझ्या कवितेत उर्दू हवी असते, एखादी दर्गा, एखादा चाँद. ते सापडलं नाही की ते निराश होतात.

आणि २००३ साली मी तेच केलं होतं. एका मुलीच्या पहिल्यावहिल्या पुस्तकात मी सतार शोधली आणि ती नाही म्हणून पुस्तक मिटलं. ज्या वागण्याचा मला वर्षानुवर्षं सल होता, ते माझ्याही हातून घडलं होतं. शेजारच्या मुलीचा प्रश्न लागला तो म्हणून.

नोराचं उत्तर मला आता समजतं. त्या काळात मुलाखतींत ती वडिलांविषयी फारसं बोलत नसे. त्यांचा सहवास तिला लहानपणी थोडाच मिळाला होता. तिने भांडण केलं नाही, खुलासेही दिले नाहीत. एक हळू आवाजाचा अल्बम केला, आणि ज्याला ऐकायचं आहे त्याने जवळ यावं असं ठेवलं. लोक जवळ आले, पण सावकाश. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो आला तेव्हा १३९व्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर पोचायला जानेवारी २००३ उजाडला. महिन्याभराने ग्रॅमीच्या रात्री तिच्या हाती पाच पुरस्कार आले. जेसी हॅरिस, मार्दिन आणि ध्वनिमुद्रण करणारे धरून अल्बमशी निगडित पुरस्कार आठ झाले. पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. रेकॉर्डिंगचा आवाज जास्तीत जास्त मोठा करण्याची कंपन्यांत चढाओढ लागली होती, त्या काळातली ही गोष्ट.

वडिलांची गोष्टही अर्ध्यावर सोडू नये. पंडित रविशंकर तरुणपणी मुंबईत होते, इप्टाच्या कलापथकात. १९४६च्या 'धरती के लाल' आणि 'नीचा नगर' या चित्रपटांना त्यांचं संगीत होतं. पुढे दिल्ली आकाशवाणीवरही त्यांनी काही वर्षं काम केलं. ११ डिसेंबर २०१२ रोजी ते गेले. दुसऱ्या वर्षी त्यांची दुसरी मुलगी, सतारवादक अनुष्का शंकर, हिचा 'ट्रेसेस ऑफ यू' हा अल्बम आला. त्यात नोरा गायली आहे. सतार आणि तो हळू आवाज एकत्र आले ते असे, अकरा वर्षांनी, कोणी मागणी केली म्हणून नव्हे तर त्यांची वेळ आली तेव्हा. २०२२ साली पहिल्या अल्बमला २० वर्षं झाली म्हणून कंपनीने क्रेग स्ट्रीटबरोबरची ती बाजूला ठेवलेली रेकॉर्डिंगंही प्रसिद्ध केली. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं तर न वाजवण्याचं मोल कळतं.

माझी जुनी कॅसेट बुरशीने गेली. समुद्राकाठी फिती टिकत नाहीत. शेजारच्या मुलीने तिच्या मोबाइलवर मला सगळा अल्बम ऐकवला. रात्री, दिवा मालवून, एका बैठकीत. तुम्हीही तसाच ऐका. आवाज नेहमीपेक्षा कमी ठेवा. पहिल्या वेळी शब्दांकडे जाऊ नका, सूर कुठे विझतो एवढंच ऐका. दुसऱ्या वेळी शब्द येतील.

अल्बम संपल्यावर ती म्हणाली, "काका, मीपण एक गाणं केलंय. आमच्या कोळी बोलीत. चाल माझीच आहे." मग कीबोर्डवर तिने ते गायलं. एका जागी ती अडखळली, थांबली, पुन्हा धरलं. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, की कोळीगीताचा ठेका कुठे गेला? तो मी गिळला.

"पुन्हा एकदा गा," एवढंच म्हणालो.